संगीताचा तास स्नेहसंमेलनापुरता नको

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की माध्यमिक शाळांना संगीताच्या शिक्षकाची आठवण होते. स्नेहसंमेलनासाठी ईशस्तवन बसवायचे असते, पाहुण्यांसाठी स्वागतगीत हवे असते, आणि महिनाभर वेळापत्रकातील मिळेल तो तास गाण्याला दिला जातो. संमेलन पार पडले की पेटी पुन्हा कपाटात जाते आणि सराव परीक्षा जवळ आल्या की तोच तास गणिताकडे किंवा इंग्रजीकडे वळतो. मिरज परिसरातील एका माध्यमिक शाळेत मी २७ वर्षे संगीत शिकवले आणि आता निवृत्त झाले आहे. या काळात मला जे उमगले आणि जे उमगायला फार वेळ लागला, ते आपल्या वाचकांपुढे, विशेषतः मुख्याध्यापक, पालक आणि अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला, त्याचा गळा गाता असो वा नसो, संगीत लक्ष देऊन ऐकायला आणि स्वतः लहानसे काही रचायला शिकवले पाहिजे. आणि संगीताचे शास्त्र त्याला या ऐकण्यातून आणि रचण्यातून भेटले पाहिजे, व्याख्यांच्या पाठांतरातून नव्हे.

आज बहुतेक शाळांत काय होते ते आधी सांगते. साठ मुलांच्या वर्गातून पंधरा-वीस गोड गळ्याची मुले निवडली जातात आणि समूहगीत त्यांचे होते. उरलेल्या चाळीस जणांना संगीत म्हणजे परिपाठातील प्रार्थना आणि राष्ट्रगीत. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीही असेच केले. नववीतील एका मुलाचा आवाज नुकताच फुटला होता. समूहगीतात त्याचा सूर सारखा खाली घसरत होता, आणि स्पर्धा दोन दिवसांवर आली होती. मी त्याला म्हणाले, ‘‘तू मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव.’’ त्याने तसे केले, आणि त्यानंतर तो माझ्या तासाला कधीच तोंड उघडून गायला नाही. बारा ते पंधरा या वयात मुलांचा आवाज बदलतो हे मला ठाऊक होते. जो मुलगा सातवीत मुलींबरोबर काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या उंच सुरात, सहज गात होता, त्याला नववीत तो स्वर चढत नाही आणि खालचाही अजून नीट लागत नाही. काही महिने त्याच्या हाती चार-पाच स्वरांपलीकडे काही राहत नाही. नेमक्या याच वयात आपण संगीत केवळ गाण्याशी बांधून ठेवतो, आणि निम्म्या वर्गाला दारातून परत पाठवतो. त्या मुलाचा कान मात्र शाबूत होता. त्या कानासाठी माझ्याकडे तेव्हा काहीच नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरे टोक म्हणजे परीक्षा. शास्त्रीय संगीताच्या ठरावीक परीक्षा उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दहावीला वाढीव गुण मिळतात. ही सवलत मुळात चांगल्या हेतूने दिलेली आहे आणि तिच्यामुळे काही मुले खरोखर संगीताकडे वळली, हेही मी पाहिले आहे. परंतु गुण हेच ध्येय झाले की शिकवणे कसे आक्रसते, हेही मी जवळून पाहिले. माझ्याकडे आलेली एक हुशार मुलगी रागाची संस्कृत व्याख्या अडखळल्याशिवाय म्हणत असे, दहा थाटांची, म्हणजे रागांच्या मूळ गटांची, नावे क्रमाने सांगत असे, भूप रागाचे आरोह, अवरोह, पकड, वादी, संवादी, समय हे सर्व तिच्या वहीत सुवाच्य अक्षरांत होते. एकदा मी तिला भूपातील एका ख्यालाची ध्वनिफीत ऐकवली आणि राग कोणता असे विचारले. तिला सांगता आले नाही. त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की, ऐकून राग ओळखायचा असतो, हीच कल्पना तिला नवी होती. तिच्या लेखी भूप ही लिहिण्याची गोष्ट होती.

यात दोष विष्णू नारायण भातखंडे किंवा विष्णू दिगंबर पलुस्कर यांच्या कार्याचा आहे, असे कोणी समजू नये. भातखंड्यांनी देशभर फिरून घराण्यांच्या कोठारांत बंद असलेल्या चिजा, म्हणजे बंदिशी, लिहून घेतल्या, त्यांच्यासाठी स्वरलिपी सिद्ध केली, रागांची दहा थाटांत मांडणी केली आणि ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा ग्रंथ मराठीत लिहिला, तो सामान्य माणसाला संगीत कळावे म्हणून. त्यांनी लक्षणगीते रचली, ती कशासाठी याचा विचार करावा. रागाचे नियम त्याच रागात बांधलेल्या गीतातून सांगायचे, म्हणजे शास्त्र कानावर पडतानाच समजेल, अशी ती योजना होती. पलुस्कर तर आमच्याच भागातील. जन्म १८७२ साली कुरुंदवाडचा आणि शिक्षण मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीत प्रतिष्ठित घरांतील मुलामुलींपर्यंत पोहोचवले. या दोघांनी शिडी उभी करून दिली, आणि आपण त्या शिडीच्या पायऱ्यांची नावे पाठ करत बसलो.

आता ऐकण्याविषयी. ‘‘मुलांना चांगले संगीत ऐकवा’’ असा उपदेश सर्वजण करतात. पण चाळीस मिनिटांच्या तासाला ध्वनिमुद्रण लावून ठेवले तर दहाव्या मिनिटाला मागची बाके कुजबुजू लागतात, आणि त्यात मुलांची चूक नसते. काय ऐकायचे हे ठाऊक नसेल तर कान भटकतो. मला उपयोगी पडलेली युक्ती अगदी साधी होती: एका वेळी तीन-चार मिनिटांहून अधिक ऐकवायचे नाही, प्रत्येक वेळी एकच प्रश्न द्यायचा, आणि रागाचे नाव शेवटपर्यंत सांगायचे नाही. भूप आणि देशकार या जोडीने माझ्या वर्गात जेवढे शिकवले तेवढे कोणत्याही पुस्तकाने शिकवले नाही. दोन्हींत स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मी प्रथम दोन्हींचे एकेक तुकडे वाजवून वर्गाला विचारत असे, की गाणे कोणत्या स्वरावर सारखे येऊन विसावते, आणि ते खालच्या अंगाला रेंगाळते की वरच्या. मुले वाद घालत, पुन्हा ऐकवा म्हणत. तीन-चार वेळा ऐकल्यावर बहुतेकांना जाणवे की पहिल्यात मुक्काम गंधारावर (ग) आहे आणि दुसऱ्यात सगळा ओढा धैवताकडे (ध), वरच्या षड्जाकडे (सा) आहे. मग मी फळ्यावर दोन्हींचे स्वर लिहीत असे आणि वर्गात एकच गलका उठे: ‘‘बाई, हे तर तेच सूर आहेत की!’’ ‘वादी’, म्हणजे रागाचा मुख्य स्वर, हा शब्द मी त्यानंतर उच्चारत असे. त्या क्षणी तो शब्द मुलांना हवा असतो, कारण ज्या गोष्टीला नाव हवे आहे ती गोष्ट त्यांच्या कानात आधीच येऊन बसलेली असते. एक राग रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात आणि दुसरा सकाळी, एक कल्याण थाटात बसवला आहे आणि दुसरा बिलावल थाटात, हे मग त्यांनी आपणहून विचारून घेतले.

तानपुऱ्याच्या बाबतीतही असेच. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. पंढरपूर भागातून येणाऱ्या भोपळ्यांपासून येथे तानपुरे आणि सतारी घडतात आणि त्यांना अलीकडे भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. तरीही येथील शाळांतील असंख्य मुलांनी तानपुरा शांतपणे ऐकलेला नसतो. मी मुलांना कारागिरांच्या दुकानात नेले. घोडीवर तारेखाली सूत सरकवले की जवारी, म्हणजे तारेचा झंकार, कशी खुलते, बोदी वाजणारी तार एकाएकी कशी झंकारू लागते, हे एका ज्येष्ठ कारागिराने त्यांना करून दाखवले. परत आल्यावर वर्गात डोळे मिटून केवळ खर्जाची तार ऐकायला सांगितले आणि विचारले की हिच्यात षड्जाखेरीज आणखी काही ऐकू येते का. पाचेक मिनिटांनी एक मुलगी हळू आवाजात गंधार गुणगुणू लागली. तारेच्या मूळ कंपनांच्या पाचपट कंपने तिच्याच पोटात चाललेली असतात आणि तोच हा स्वयंभू गंधार, हे मग सांगणे सोपे गेले. पेटीवरचा गंधार त्याच्या शेजारी वाजवला तेव्हा तो किंचित चढा आहे हे वर्गातील निम्म्या मुलांनी ओळखले. पेटीच्या पट्ट्या बारा समान अंतरांवर लावलेल्या असतात आणि म्हणून तिचे काही स्वर तारेच्या नैसर्गिक स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत, हा मुद्दा मला स्वतःला पदवीच्या वर्गात पाठ करावा लागला होता. नववीच्या मुलांना तो पंधरा मिनिटांत ऐकू आला.

ज्या शाळेला तानपुरा परवडत नाही तिथे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील सोनोमीटर, म्हणजे ताणलेल्या तारेची कंपने तपासण्याचे उपकरण, असतो. ३६ इंचांची ताणलेली तार मोकळी छेडली तर जो स्वर येतो त्याला षड्ज मानावे. ती १८ इंचांवर अडवली की तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, मिळतो, २४ इंचांवर पंचम (प) आणि २७ इंचांवर मध्यम (म). सतराव्या शतकात अहोबल पंडितांनी ‘संगीतपारिजात’मध्ये वीणेच्या तारेच्या लांबीवरून स्वरांच्या जागा अशाच सांगून ठेवल्या आहेत. विज्ञानाच्या तासाला वारंवारता आणि कंपने शिकवणारे शिक्षक आणि संगीताचे शिक्षक एकाच टेबलाशी उभे राहून हा प्रयोग करतील, तर दोन्ही विषयांचे भले होईल. आमच्या शाळेत विज्ञानाच्या सरांनी दोन वर्षे ही हौस केली. पुढे त्यांची बदली झाली आणि प्रयोग थांबला. असे प्रयोग एकेका माणसाच्या हौसेवर चालतात, हेच मोठे दुखणे आहे.

गणिताचेही उदाहरण देते, कारण पालकांना संगीताचा तास गणिताच्या मुळावर आलेला वाटतो. नववी-दहावीत दोन चलांतील रेषीय समीकरणे असतात. सोळा मात्रांच्या तीनतालाच्या समेपासून, म्हणजे पहिल्या मात्रेपासून, सुरू होऊन पुढच्या समेवर संपणारी तिहाई बांधायची आहे; एकच तुकडा तीन वेळा घ्यायचा, मध्ये दोनदा सारखीच विश्रांती द्यायची, आणि शेवटचा ठोका समेवर पडायचा. तुकडा ‘क्ष’ मात्रांचा आणि विश्रांती ‘य’ मात्रांची धरली तर ३क्ष + २य = १७ हे समीकरण तयार होते, कारण पुढची सम धरून सोळाच्या सतरा मात्रा होतात. पूर्ण संख्यांत याची उत्तरे तीनच: पाच मात्रांचा तुकडा आणि एकीची विश्रांती, तिनाचा तुकडा आणि चाराची विश्रांती, किंवा एकच ठोका आणि सात मात्रांची विश्रांती. शेवटच्या उत्तरात ठोके बरोबर समेवर, ‘खाली’वर म्हणजे नवव्या मात्रेवर, आणि पुन्हा समेवर पडतात. विश्रांती न घेता, म्हणजे बेदम तिहाई, एकपटीत, म्हणजे मूळ लयीत, समेपासून बांधताच येत नाही, कारण सतराला तिनाने भाग जात नाही. मुलांनी ही उत्तरे आधी वहीत काढली आणि मग बाकांवर टाळ्या वाजवून तपासली. त्यानंतर झपताल आणि रूपक या तालांसाठी समीकरण त्यांनी स्वतः मांडले. तबल्याला कधी हात न लावलेल्या मुलांनी त्या दिवशी तिहाई रचली. मी तिला रचनाच म्हणते.

येथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येते, कारण याच ठिकाणी जाणकारांचा सर्वाधिक विरोध होतो. ‘‘आधी दहा वर्षे घोकू द्या, मग रचनेचे बघू; कालच्या पोरांनी कसल्या बंदिशी करायच्या?’’ असे मला अनेक आदरणीय मंडळींनी ऐकवले आहे. त्यांच्या भीतीमागे परंपरेविषयीचा जिव्हाळा आहे, हे मी मान्य करते. परंतु मराठीच्या तासाला पाचवीतील मूल निबंध लिहिते, तेव्हा आपण त्याला लेखक ठरवत नाही. वाक्य कसे उभे राहते हे त्याला स्वतः वाक्य लिहिल्याशिवाय कळणार नाही, म्हणून लिहायला लावतो. संगीतातील वाक्य कसे उभे राहते, ते कुठे वर जाते आणि कुठे टेकते, हेही स्वतः दोन ओळींना चाल लावल्याशिवाय कळत नाही. आणि चाल लावणे ही आपल्याकडे कधीच केवळ उस्तादांची मिरास नव्हती. जात्यावर बसलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या ओव्या रचल्या आणि आपल्या गावच्या गळ्यावर त्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी उभ्या केलेल्या संग्रहात अशा एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. गावोगावच्या भजनी मंडळांत एकाच अभंगाला चार चाली असतात आणि पाचवी लावणारा कोणी तरी निघतोच. ‘वाग्गेयकार’, म्हणजे शब्द आणि स्वर दोन्ही रचणारा, याची लक्षणे सांगणारा शार्ङ्गदेव तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीला, सिंघण यादवाच्या आश्रयाला बसून ‘संगीतरत्नाकर’ लिहीत होता. तेव्हा मुलांना रचना करायला लावणे हे परक्या देशांचे अनुकरण आहे, हा आक्षेप टिकणारा नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेत संगीत विषय घेणाऱ्याला सादरीकरणासाठी ३०, स्वतःच्या रचनेसाठी ३० आणि श्रवण व समीक्षेसाठी ४० टक्के गुण असतात, हे मला ठाऊक आहे आणि त्या विभागणीतून शिकण्यासारखे आहे. पण माझा आधार तो नाही, ओवी हा आहे.

रचना मोकळी सोडली की मुले बिचकतात. मर्यादा आखून दिली की खुलतात. मी पाचच स्वर देत असे, बहुधा भूपाचे किंवा दुर्गाचे, आणि शब्द मुलांना पाठ असलेल्या पद्याचे. आवाज फुटलेल्या मुलांनाही पाच स्वरांत वावरता येते आणि आपला षड्ज ज्याने त्याने ठरवायचा, हा नियम असल्यामुळे कोणी मागे राहत नसे. एका वर्षी नववीच्या वर्गाला मी समर्थांच्या मनाच्या श्लोकांची पहिली ओळ दिली आणि ती तालात बसवायला सांगितली. वृत्त भुजंगप्रयात, लघु, गुरु, गुरु असा गण चार वेळा. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या की गणाला पाच आणि ओळीला वीस मात्रा होतात, म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाची दोन आवर्तने. एवढे मुलांनी हिशेबाने काढले. पण गाऊन पाहताच ओळ तालाशी भांडू लागली. झपतालाचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे आहेत, आणि ‘गणाधीश’मधील ‘ग’ समेवर ठेवला की दुसऱ्या विभागाची सुरुवात ‘णा’च्या मधोमध येते. सबंध तास खटपट झाली. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने सुचवले की ‘ग’ समेच्या आधी, दहाव्या मात्रेवर म्हणून टाकावा आणि सम ‘णा’वर घ्यावी. तसे करताच ‘णा’ला दोन, ‘धीश’ला तीन, ‘जो’ला दोन, ‘ईश’ला तीन अशी ओळ तालाच्या विभागांत चपखल बसली, आणि पुढच्या ओळीचा ‘मु’ही त्याच दहाव्या मात्रेवर आपसूक आला. त्या मुलाने छंदशास्त्र वाचलेले नव्हते. त्याच्या घरी आजोबा पखवाज वाजवत होते एवढेच. वर्गाने त्या दिवशी वृत्त, ताल, सम आणि समेआधीची उचल या चार गोष्टी एकदम शिकल्या, आणि मराठीच्या बाईंनी मला नंतर सांगितले की वृत्ताचा धडा शिकवायला त्यांना त्या वर्षी एकच तास लागला.

मुलांच्या चाली लिहून ठेवण्याचाही आग्रह मी धरीत असे. ज्याची चाल त्यानेच ती भातखंडे लिपीत लिहायची, आणि शेजारच्या मुलाने केवळ कागद पाहून ती गायची. चूक कागदात आहे की गाणाऱ्यात, यावरून जी चर्चा होते तिच्यात स्वराखालचा बिंदू मंद्र (खालच्या) सप्तकाचा आणि वरचा तार (उंच) सप्तकाचा, कोमल स्वराखालची आडवी रेघ, तीव्र मध्यमावरची उभी रेघ या खुणा मुले कायमच्या शिकतात. लिपी ही निरोप पोहोचवण्यासाठी आहे हे त्यांना कळते. लोकगीतांच्या बाबतीत मी उलटे करीत असे: घरून आजीची किंवा आईची एखादी ओवी, पाळणा, भलरी मोबाइलवर मुद्रित करून आणायची आणि तिचे स्वर शोधून लिहायचा प्रयत्न करायचा. पुष्कळदा ते लिपीत नीट बसत नाहीत, स्वर दोन खुणांच्या मध्येच कुठे तरी असतो. तेही शिकण्यासारखेच आहे. एका मुलीने आणलेल्या ओवीवर आम्ही तीन तास घालवले आणि ‘‘बाई, हे लिहिता येत नाही’’ असा निष्कर्ष तिने वहीत नोंदवला. मी त्या पानाला पूर्ण गुण दिले.

धोरणांविषयी थोडे लिहायला हवे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण हा विषय म्हणून शिकवावा असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय यांच्यात भिंत नको असे म्हटले, आणि २०२३ च्या आराखड्याने कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीची जागा दिली. कागदावर उणीव नाही. परंतु शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभरावर पटसंख्या असलेल्या शाळांत कलाशिक्षणाचे अर्धवेळ निदेशक सांगितले आहेत. नववी-दहावी त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. ‘कला’ या शब्दाखाली जे पद मिळते ते बहुतेक ठिकाणी चित्रकलेचे असते. चित्रकलेच्या शिक्षकांबद्दल मला आदरच आहे, त्यांचीही पदे कमी होत आहेत, आणि दोन कलांनी एका तासासाठी भांडावे अशी माझी मुळीच इच्छा नाही. पण संगीताचा शिक्षक नाही म्हणून तास नाही, आणि तास नाही म्हणून पद नाही, हे चक्र कोणी तरी तोडले पाहिजे.

माझी शिक्षण विभागाकडे मागणी मोठी नाही. आठवी आणि नववीला आठवड्यातून एक तासिका संगीताची असावी, ती सर्व मुलांसाठी असावी, आणि संमेलनाची तालीम त्या तासिकेत धरली जाऊ नये. प्रत्येक शाळेला पूर्णवेळ शिक्षक देणे शक्य नसेल तर जवळच्या तीन-चार शाळांत मिळून एक द्यावा, आणि त्याच्या जोडीला गावातील भजनी मंडळाचा मृदंगवादक, लोककलावंत, वाद्यकारागीर यांना मानधन देऊन वर्षातून काही तास बोलवावे. ते मानधन वेळेवर मिळेल याची हमी असावी, कारण ते न मिळाल्याने दुसऱ्यांदा न आलेले कलावंत मी पाहिले आहेत. मूल्यमापनात व्याख्या विचारू नयेत. दहा मिनिटांचे श्रवण आणि त्यावर चार प्रश्न, वर्षभरात स्वतः केलेल्या दोन छोट्या रचना आणि त्यांची वही, एवढे पुरेसे आहे. शास्त्रीय परीक्षांच्या वाढीव गुणांना माझा विरोध नाही. मात्र त्या परीक्षांच्या लेखी भागातही अपरिचित ध्वनिमुद्रण ऐकवून त्यावर प्रश्न विचारला गेला, तर शिकवण्याची सारी तऱ्हा एका वर्षात बदलेल, असे मला खात्रीने वाटते. परीक्षेत जे विचारतात तेच वर्गात शिकवले जाते, हे आपल्याकडे सर्वच विषयांत दिसते.

पालकांना एक विनंती. मूल घरी ताटावर बोटे वाजवते, एकच ओळ वेगवेगळ्या तऱ्हेने गुणगुणते, तेव्हा त्याला लगेच क्लास लावण्याची घाई करू नये आणि गप्पही बसवू नये. शेजारी बसून, ‘‘हे तुला कसे सुचले? पुन्हा म्हणून दाखव,’’ एवढे विचारावे. दुसऱ्यांदा म्हणताना ते मूल आपल्या चालीकडे स्वतः कान देते.

मागच्या रांगेतील त्या मुलाविषयी वाचकांना कुतूहल असेल. तो आता मिरजेतच ध्वनिक्षेपक भाड्याने देण्याचा व्यवसाय करतो. दोन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात तो ध्वनियंत्राच्या बटणांशी खटपट करत होता आणि गायकाच्या तानपुऱ्याची एक तार किंचित उतरली आहे, हे प्रेक्षकांतील कोणाच्याही आधी त्याच्या लक्षात आले. त्याने जाऊन गायकाच्या कानात तसे सांगितले. मी त्याला भेटून त्या जुन्या प्रसंगाबद्दल क्षमा मागितली. त्याने ‘‘असू द्या हो, बाई’’ म्हटले आणि मला बसायला खुर्ची आणून दिली.

श्रवणाच्या तासांसाठी मी केलेली टिपणे, प्रत्येक तुकड्यासोबत विचारायचे प्रश्न आणि मुलांच्या रचनांच्या वह्यांमधील निवडक पाने माझ्याकडे व्यवस्थित जपून ठेवलेली आहेत. ज्या शिक्षकांना ती हवी असतील त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास त्यांच्या प्रती मी स्वखर्चाने पाठवीन, आणि सांगली-कोल्हापूर भागातील शाळांत येऊन पहिले दोन तास घेऊनही दाखवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त संगीतशिक्षिका, मिरज